एकही छिद्र न पाडता: १९६७ च्या ॲम्बेसेडरमधील ध्वनियंत्रणेचे प्रकरण

हिंगणघाट तालुक्यातील एका गावात, कापसाची शेती असलेल्या एका कुटुंबाकडे १९६७ सालची मार्क टू ॲम्बेसेडर आहे. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे घडवलेल्या या गाडीचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग बाकासारखी सीट आणि दारांची रेक्झिनची अस्तरे हे सगळे मूळचे आहे. रंग मध्यंतरी एकदा दिला गेला, पण तोही मूळ छटेतच. सध्याच्या मालकांना गावात सगळे काकाजी म्हणतात, म्हणून मीही येथे तेच संबोधन वापरतो. त्यांच्या वडिलांनी ही गाडी नवी घेतली, तीही अशा काळात की जेव्हा गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डॅशबोर्डच्या खाली लोखंडी पट्टीला टांगलेला मध्यमलहरींचा रेडिओ त्यांनीच बसवून घेतला होता, आणि त्या रेडिओसाठी टपाल कार्यालयातून काढलेला परवाना आजही घरच्या कागदपत्रांत जपून ठेवलेला आहे.

काकाजींच्या आई दरवर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीसाठी याच गाडीने गुरुकुंज मोझरीला जातात. वाटेत महाराजांची खंजिरी भजने ऐकता यावीत एवढीच त्यांची इच्छा होती. जुन्या रेडिओवर आकाशवाणी लागते, पण हवे ते भजन हव्या त्या वेळी लागत नाही. आणि मोबाईलवर लावलेले भजन, काचा उघड्या ठेवून धावणाऱ्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोहोचत नाही. काकाजींच्या पुतण्याला याखेरीज घरच्या लग्नात वरातीपुढे वाजेल असा दणदणीत आवाजही हवा होता. काम माझ्याकडे आले तेव्हा काकाजींनी अट एका वाक्यात सांगितली: "गाडीले एकई छेद पडाले नाही पायजे, अन् बाबाचा रेडिओ जागेवरून हालाले नाही पायजे."

त्याआधी शहरातील एका दुकानात त्यांनी चौकशी केली होती. तेथे सुचवलेले काम बहुतेक ठिकाणी सुचवले जाते तेच होते: चारही दारांची अस्तरे गोल कापून सहा इंची स्पीकर बसवायचे, रेडिओच्या जागी नवा प्लेअर लावायचा, इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवायचा आणि बॅटरीची जोडणी उलटी करून घ्यायची. आजच्या गाडीत यात वावगे काही नाही. या गाडीत मात्र यातील पहिल्या दोन गोष्टी कायमच्या होत्या. पन्नासहून अधिक वर्षे टिकलेले अस्तर एकदा कापले की त्याच वयाचे, त्याच छटेचे दुसरे मिळत नाही; नवे करून घेता येते, पण मग ते नवे असते.

'बदल नाही' म्हणजे नेमके काय

कामाला हात घालण्यापूर्वी आम्ही दोघांनी बसून ही अट शब्दांत मांडली, कारण 'गाडी तशीच राहिली पाहिजे' हे वाक्य प्रत्येक जण आपल्या सोयीने समजून घेतो. ठरले ते असे की गाडीच्या कोणत्याही भागाला छिद्र पडणार नाही, काही कापले जाणार नाही, गाडीची एकही तार सोलली किंवा तोडली जाणार नाही, डाग राहील असा गोंद किंवा चिकटपट्टी कुठेही लागणार नाही, आणि बसवलेली प्रत्येक वस्तू गाडीतल्याच पान्या-पेचकसाने तासाभरात पूर्ण निघाली पाहिजे. निघाल्यानंतर जाणत्या माणसाने गाडी तपासली तरी तेथे काही होते असे त्याला कळू नये, ही त्यातील कसोटी.

ही कसोटी माझ्या मनची नाही. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या टुरिन सनदेचा रोख हाच आहे: वापराच्या गरजेसाठी काही नवे जोडावे लागलेच, तर ते नजरेत न भरणारे आणि परत काढता येणारे असावे. आपल्याकडेही आता याला व्यावहारिक महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत भरीव फेरफार न केलेल्या खासगी वाहनांची 'व्हीए' या मालिकेत वेगळी नोंदणी करता येते. स्पीकर बसवले म्हणून कोणी अशी नोंदणी नाकारील असे मला वाटत नाही. पण काकाजींच्या मनात पुढेमागे अर्ज करण्याचा विचार आहे, आणि दारांचे कापलेले पत्रे घेऊन तपासणीला जावे लागू नये हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. काम सुरू होण्यापूर्वी पुतण्याने गाडीच्या आतील प्रत्येक कोपऱ्याचे, प्रत्येक स्क्रूचे छायाचित्र घेऊन ठेवले.

बॅटरीचे उलटे टोक

बोनेट उघडल्यावर पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे. आजच्या प्रत्येक मोटारीत ऋण टोक बॉडीला असते. या गाडीत धन टोक बॉडीला जोडलेले आहे. ब्रिटिश कारखान्यांत १९३० च्या दशकाच्या मध्यापासून साठच्या दशकापर्यंत हीच पद्धत रूढ होती आणि या ॲम्बेसेडरने ती मॉरिसकडून वारशात घेतली. गाडी चालवणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. दिव्याला आणि हॉर्नला वीज कोणत्या बाजूने आली याचे सोयरसुतक नसते.

आजच्या ध्वनियंत्रणेला मात्र असते. नव्या ॲम्प्लिफायरचे ऋण टोक, त्याचा धातूचा डबा आणि आवाजाच्या तारेवरचे जाळीचे आवरण हे तिन्ही आतून एकमेकांना जोडलेले असतात, कारण बनवणाऱ्याने गाडीची बॉडी ऋण आहे हे गृहीतच धरलेले असते. धन बॉडीच्या गाडीत असा डबा पत्र्याला स्क्रूने कसला आणि त्याच्या तारा बॅटरीला रंगाप्रमाणे जोडल्या, तर बॅटरीचे धन टोक बॉडीतून थेट ऋण टोकाला मिळते. फ्यूज उडाला तर नशीब. फ्यूज चुकीच्या तारेवर असेल तर तार तापून लाल होते, आणि त्या तारेच्या शेजारी साठ वर्षे जुने, कापडाचे वेष्टण असलेले मूळ वायरिंग असते. डबा लाकडावर बसवून हा धोका टाळला असे वाटते, पण तो तसा टळत नाही. ॲम्प्लिफायरला तारेने जोडलेल्या मोबाईलची धातूची कडा किंवा चार्जरचे टोक बॉडीला टेकले तरी तोच मार्ग पूर्ण होतो.

जोडणी उलटी करून घेण्याचा सल्ला चुकीचा नव्हता, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे. बॅटरीची टोके अदलाबदल करायची, डायनॅमोच्या फील्डला, म्हणजे चुंबकत्व देणाऱ्या गुंडाळीला, क्षणभर बॅटरीचा स्पर्श देऊन त्याची चुंबकीय दिशा फिरवायची, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करायची आणि अँपिअर मीटरच्या तारा उलट्या करायच्या, एवढ्यात काम होते. कॉइल विसरली तर गाडी चालते, पण ठिणगी स्पार्क प्लगच्या थंड बाहेरच्या टोकाकडून उलट उडते आणि तिला जास्त विद्युतदाब लागतो, त्यामुळे थंडीच्या सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते. यात छिद्र पडत नाही आणि सगळे परत फिरवता येते. म्हणजे आमच्या कसोटीवर हा बदल अक्षरशः उतरतो. तरीही मी तो नको म्हटले, याची कारणे दोन. पहिले कारण जुना रेडिओ. त्या काळच्या अनेक मोटार रेडिओंमध्ये ध्रुवता, म्हणजे बॉडीला धन की ऋण हे, बदलण्याची सोय असे, पण ती या रेडिओत आहे की नाही हे पाहायला तो उघडावा लागला असता, आणि तो हलवायचा नाही हे ठरलेले होते. दुसरे कारण पुढच्या माणसाचे. उद्या काकाजींच्या नंतर कोणी मिस्त्री या गाडीवर बसेल, तो जुन्या ॲम्बेसेडरची ध्रुवता धन समजून काम करील, आणि ती फिरवलेली आहे हे त्याला सांगायला आपण तेथे नसू.

डायनॅमोचा हिशेब

ध्रुवतेचा प्रश्न सुटला असता तरी दुसरा उरतच होता. या गाडीत अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. त्या पिढीतील ल्युकस पद्धतीचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगले फिरत असताना. इंजिन मंद फिरत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो तो याचमुळे. रात्रीच्या प्रवासात ४५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून साडेसात अँपिअर खातात, बाजूचे, मागचे आणि मीटरचे दिवे मिळून दोन-अडीच, इग्निशन तीन-चार आणि पाऊस असेल तर वायपर आणखी दोन-तीन. ही बेरीज सोळाच्या आसपास जाते. उरलेल्या पाच-सहा अँपिअरमधून बॅटरीही भरायची असते. दुकानात सुचवलेली चार स्पीकरची यंत्रणा मोठ्या आवाजात एवढे सहज घेते, आणि वरातीत गाडी माणसाच्या चालीने तासभर सरकते तेव्हा तर सगळा भार एकट्या बॅटरीवर येतो. नवरदेव उतरल्यावर गाडीला धक्का मारावा लागेल, हे काकाजींना मी कागदावर आकडे मांडून दाखवले.

अल्टरनेटर बसवला की हा प्रश्न मिटतो, पण त्यासाठी ब्रॅकेट, पट्टा, रेग्युलेटर आणि वायरिंगचा काही भाग बदलावा लागतो. मग आपण आवाजासाठी इंजिनाच्या कप्प्यात शिरलेलो असतो.

येथे माझे मत ठाम झाले: या गाडीच्या विजेला हातच लावायचा नाही. ध्वनियंत्रणेला स्वतःची बॅटरी द्यायची, जी घरी भरायची आणि प्रवासाला निघताना गाडीत ठेवायची. गाडीशी विजेचा एकही धागा जुळत नाही, म्हणून धन बॉडी, मंद डायनॅमो आणि जुने वायरिंग हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी नाहीसे होतात. अशा अलिप्त यंत्रणेचे एखादे टोक चुकून बॉडीला टेकले तरी काही होत नाही, कारण विजेला परतीचा मार्गच नसतो. आवाजातही याचा फायदा झाला. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी जी किणकिण गाड्यांतल्या स्पीकरमधून ऐकू येते, ती बहुतेक वेळा सामाईक अर्थिंगमधून शिरते. येथे ती मुळात नाही.

यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्टची, १२ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. तिच्यात सुमारे १५० वॅट-तास ऊर्जा साठते आणि वजन दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे काकाजींच्या आईसुद्धा ती उचलून घरात नेऊ शकतात. हा प्रकार निवडण्यामागे आपल्याकडचा उन्हाळा होता. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवशी उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचा आतला भाग साठ अंशांपर्यंत जातो. या बॅटऱ्या वापरताना साधारण साठ अंशांपर्यंत चालतात, पण भरताना पंचेचाळीसच्या आत असाव्या लागतात. म्हणून गाडीत भरायचीच नाही, घरातल्या सावलीत, तिच्यासाठीच्या १४.६ व्होल्टच्या चार्जरने भरायची, आणि उन्हाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी बाहेर काढायची, हा नियम आम्ही बॅटरीच्या डब्यावरच लिहून चिकटवला. धन टोकापासून बोटभर अंतरावर पाच अँपिअरचा फ्यूज आहे, आणि त्यापुढचा जोड असा की तो उलटा बसूच शकत नाही.

किती वॅट पुरतात

भजनाला किती ताकद लागते याचा विचार आधी व्हायला हवा होता, तो बहुधा होत नाही. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर दोन गुणिले पन्नास वॅट असे लिहिलेले असते, पण तो आकडा चोवीस व्होल्टवरचा असतो. बारा व्होल्टवर, चार ओहमच्या स्पीकरला, असा ॲम्प्लिफायर प्रत्येक बाजूला पंधरा ते अठरा वॅटच स्वच्छ देऊ शकतो. ही मर्यादा पुरवठ्याच्या व्होल्टमधूनच येते; ॲम्प्लिफायरच्या आत व्होल्ट वाढवण्याची सोय नसेल तर तिला कोणतीही कंपनी ओलांडू शकत नाही. म्हणून ताकद शोधण्याऐवजी संवेदनशील स्पीकर शोधावेत. एका वॅटला एका मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर आणि ९१ डेसिबल देणारा स्पीकर यांतील चार डेसिबलचा फरक म्हणजे अडीच पट वॅट. आम्ही ९१ डेसिबलचे चार इंची फुल रेंज, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकट्याने वाजवणारे, स्पीकर घेतले. पंधरा वॅटला ते शंभरच्या पुढे जातात, आणि साठच्या वेगाने काचा उघड्या ठेवून धावणाऱ्या ॲम्बेसेडरमधील गोंगाट त्याहून पुष्कळ खाली असतो.

संगीतात सरासरी ताकद कमाल ताकदीच्या एक अष्टमांश-दशांशच लागते. त्यामुळे चार स्पीकरचे मिळून खर्च एक-दीड अँपिअरच्या आत राहतो आणि भरलेली बॅटरी मोझरीला जाऊन येऊन पुरते.

काय ऐकायचे आहे हेही महत्त्वाचे होते. महाराजांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे जुनी आहेत आणि एकेरी आहेत, म्हणजे डावे-उजवे असे त्यांत काही नाही. सगळा जीव त्या आवाजात आणि खंजिरीच्या झांजेत आहे: आवाज मधल्या पट्टीत, झांजेची किणकिण वरच्या पट्टीत. खालच्या धडधडीला त्यांत जवळजवळ जागाच नाही. जुन्या मुद्रणात खर्ज वाढवला तर भजन जोरकस होत नाही, फक्त तबकडीची घरघर मोठी होते. म्हणून १२० हर्ट्झच्या खालचा भाग आम्ही या स्पीकरकडे जाऊच दिला नाही. छोट्या स्पीकरवरचा व्यर्थ ताण त्याने कमी झाला आणि शब्द सुटे ऐकू येऊ लागले. आईंनी पहिल्यांदा ऐकताना "आता शब्द कयते" म्हटले, तेव्हा मला माझ्या मीटरवरील आकड्यांची गरज उरली नाही.

पेट्या कुठे ठेवायच्या

सर्वांत जास्त विचार स्पीकरच्या जागेवर झाला, आणि त्याचे श्रेय बरेचसे गावातल्या वाढईंना, म्हणजे सुतारांना, जाते. दारे आणि मागच्या काचेखालची फळी बादच होती. दारे अटीमुळे, आणि मागची फळी उन्हामुळे: तेथे दुपारी थेट काचेतून ऊन पडते, स्पीकरचा गोंद सुटतो, आणि करकचून ब्रेक लावला तर तेथली सुटी पेटी मागच्या माणसाच्या मानेवर येते. पुढे पायांशी दोन्ही बाजूंना पेट्या ठेवण्याची पद्धत आवाजाच्या दृष्टीने चांगली असते. पण उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर उजव्या भिंतीला लागून असतो, आणि ॲम्बेसेडरमध्ये हेडलाइट डिपर करण्याचे बटणही पायाशीच, क्लचच्या डावीकडे जमिनीवर असते. चालकाच्या पायाच्या हालचालीत आवाजासाठी एक इंचसुद्धा मागणे मला मान्य नव्हते.

मग भजन एकेरी आहे हेच उपयोगी पडले. डावी-उजवी बाजू वेगळी ऐकवायची नसेल तर आवाज समोरून मधोमध आला की पुरते. जुना रेडिओ ज्या लोखंडी पट्टीला टांगलेला आहे, तिला पुढच्या बाजूने दोन मोकळी छिद्रे होती. बहुधा ती पट्टी वेगवेगळ्या मापांच्या रेडिओंसाठी बनवलेली असावी. त्या छिद्रांतून दोन बोल्ट आणि हाताने फिरवायचे नट घालून, रेडिओच्या खाली एक लांबट पेटी टांगली. तिच्यात दोन स्पीकर आहेत, एक किंचित चालकाकडे आणि एक किंचित शेजारच्याकडे तोंड केलेला. पट्टी आणि पेटी यांच्यामध्ये फेल्ट आहे, त्यामुळे रंगाला ओरखडा नाही आणि खडखडही नाही.

मागच्या सीटसाठी वाढईंनी पुठ्ठ्याचे माप कापून आणले आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर मागून लावून दाखवले. पाठ सलग असल्यामुळे तिच्यावर चपटी पेटी पट्ट्यांनी बांधता येते, आणि ॲम्बेसेडरमध्ये मागे पायांना एवढी ऐसपैस जागा आहे की चार बोटे खोलीची पेटी कोणाच्या गुडघ्याला लागत नाही. या जागेचा मोठा गुण म्हणजे अंतर. मोकळ्या हवेत ऐकणाऱ्याचे अंतर निम्मे झाले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. बंद गाडीत तेवढा फायदा मिळत नाही, तरी पाठीमागच्या फळीवरून किंवा दारातल्या कोपऱ्यातून येणाऱ्या आवाजापेक्षा हातभर समोरून येणारा आवाज कमी ताकदीत स्पष्ट कळतो. वयामुळे ऐकू कमी येणाऱ्या माणसासाठी याचे मोल विशेष आहे.

ही पेटी बाहेरून ५८ सेंटीमीटर लांब, २४ उंच आणि १० खोल आहे. आत पडदा घालून पाच-पाच लिटरचे दोन कप्पे केले. लाकूड नऊ मिलिमीटरचे मरीन प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घेतलेले, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो आणि सांध्यातून हवा सुटली की बंद पेटीचा अर्थ संपतो. पेटीत भरायला काकाजींनी घरचा पिंजलेला कापूस देऊ केला होता. आवाज शोषून घेण्याचे काम कापूसही करतो, पण तो दमट हवेत ओल धरतो, दबून बसतो आणि त्यात किडे होतात. म्हणून उशीत भरतात तो पॉलिस्टरचा तंतू वापरला. पेटीवर गाडीच्या सीटशी मिळतेजुळते रेक्झिन वर्ध्याच्या सीटवाल्याने चढवले. बाकावरून जाणाऱ्या पट्ट्यांखाली जाड सुती कापडाची घडी आहे, नाहीतर उन्हाळ्यात मऊ पडलेल्या जुन्या रेक्झिनवर पट्टीचा वळ कायमचा उमटला असता.

बॅटरी आणि ॲम्प्लिफायर पुढच्या बाकाखाली, फेल्ट लावलेल्या लाकडी ट्रेमध्ये आहेत. ट्रे बाकाच्या लोखंडी सांगाड्याला पट्ट्याने बांधलेला आहे. तारा रबरी मॅटखालून जातात आणि बाकाच्या सरकत्या रुळापासून दूर ठेवल्या आहेत. प्रत्येक पेटीपाशी जोड सुटतो. गाडी ज्या कोठ्यात उभी असते तेथे शेजारीच ढेप आणि सरकीची पोती असतात, म्हणजे उंदीर आलेच. कायमच्या तारा ओढल्या असत्या तर एखाद्या पावसाळ्यात त्या कुरतडल्या गेल्या असत्या. येथे तारा ट्रेसोबत घरात जातात.

जुना रेडिओ आणि नवी यंत्रणा

आकाशवाणीचे नागपूर केंद्र मध्यमलहरींवर ज्या ५८५ किलोहर्ट्झला ऐकले जाई, तेथे काकाजींच्या वडिलांनी रेडिओच्या काचेवर पांढरी खूण करून ठेवली आहे. नवी यंत्रणा सुरू असताना हा रेडिओ लावला की सबंध पट्ट्यात शिटी आणि खरखर येते. कारण सरळ आहे. लहान आकारात कमी तापणाऱ्या आजच्या ॲम्प्लिफायरमध्ये विजेची उघडझाप सेकंदाला सुमारे चार लाख वेळा, म्हणजे ४०० किलोहर्ट्झने होते, आणि तिच्या पटी ८०० व १२०० वर, थेट मध्यमलहरींच्या पट्ट्यात पडतात. स्पीकरच्या तारा त्यांच्यासाठी एरियलचे काम करतात. मोबाईल चार्जरसारख्या व्होल्ट बदलणाऱ्या उपकरणांचेही तेच. गाडीच्या विजेवर कायम जोडलेली यंत्रणा वाजत नसतानाही जागी असते आणि रेडिओला त्रास देत राहते. येथे बॅटरीच्या डब्यावरचा एक खटका बंद केला की यंत्रणा पूर्ण मृत होते आणि रेडिओ पूर्वीसारखा लागतो. दोन्ही एकाच वेळी कोणी ऐकत नाही, म्हणून यापुढे काही केले नाही.

मोबाईल आणि ॲम्प्लिफायर यांच्यात तार ठेवली नाही. गाणे ब्लूटूथने जाते. मोबाईल भरायचा झाला तर तो याच वेगळ्या बॅटरीवरून भरायचा. गाडीच्या विजेवरून चार्जर काढून त्याच मोबाईलला आवाजाची तारही जोडली, की मोबाईलमधूनच दोन्ही यंत्रणा एकत्र येतात आणि वर सांगितलेला ध्रुवतेचा धोका परत उभा राहतो. पुतण्याला हे आकृती काढून समजावले, कारण तारा जोडणार तो आहे.

वरातीच्या दणदणाटाचा प्रश्न वेगळा ठेवला. त्यासाठी स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेली आठ इंची स्पीकरची चाकाची पेटी तो घेणार आहे, ती गाडीत बसवायची नाही, पुढच्या जीपमध्ये ठेवायची. ॲम्बेसेडरच्या पत्र्यांना तेवढा खर्ज दिला तर प्रत्येक सैल स्क्रू बोलू लागतो, आणि काचा वर-खाली करण्याच्या जुन्या यंत्रांना ते सोसवणार नाही.

सगळा खर्च पंधरा हजारांच्या आत बसला. त्यात बॅटरी आणि चार्जर यांचा वाटा सर्वांत मोठा होता. काम झाल्यावर ॲम्प्लिफायरचा डबा आणि गाडीची बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावून पाहिला, कोणताही जोड दिसला नाही. मग सगळे काढून, आधीची छायाचित्रे समोर ठेवून प्रत्येक जागा तपासली. रेडिओच्या पट्टीवरच्या दोन छिद्रांतली जुनी धूळ तेवढी निघालेली होती. पावसाळ्यात गाडी फारशी बाहेर निघत नाही, तेव्हा बॅटरी निम्मी भरून घरातल्या कपाटात ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासायची, असे ठरले आहे.

एक अडचण राहिलीच. पुढच्या बाकावर तीन माणसे बसली तर मधल्याचे गुडघे डॅशबोर्डखालच्या पेटीला टेकतात. पेटी आणखी चपटी केली तर आवाज बिघडतो, आणि वर सरकवायला रेडिओ आडवा येतो. तेव्हा पुढे तिघे असतील त्या दिवशी काकाजी दोन नट हाताने फिरवून ती पेटी काढतात, डिक्कीत घोंगडीवर ठेवतात, आणि मागची एकटीच वाजते.